मामांची मंडळी आणि माझा शिरा

उभ्या रत्नागिरीत आजपर्यंत एकही माशी न मारलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. हे माझे मामेसासरे, म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याला अठरा वर्षं झाली, आणि अठरा वर्षं आमच्या आणि त्यांच्या बिऱ्हाडामध्ये एक चिऱ्याची भिंत आहे. चिऱ्याची भिंत जाड असते, उन्हाळ्यात घर थंड ठेवते वगैरे सगळं माहेरी ऐकलं होतं. पण तिच्यातून सडक्या केळ्यांचा वास आरपार येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माझं लग्न झालं त्याच वर्षी ते निवृत्त झाले. लोक निवृत्त होऊन शाल आणि नारळ घेऊन घरी येतात, मामा बाटल्या घेऊन आले. जुन्या काळच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत चिलटं. पिकल्या फणसावर घोंघावतात आणि आपण हात हलवून हाकलतो, तीच. मामा त्यांना 'मंडळी' म्हणतात. नव्या नवरीला घर दाखवताना मामींनी देवघर दाखवलं, न्हाणीघर दाखवलं, मग एक खोली न उघडताच म्हणाल्या, "आणि इथे ह्यांची मंडळी असतात." मला वाटलं, कुणी आजारी नातेवाईक असतील. मी आपली बंद दाराला वाकून नमस्कार करून आले!

मामांच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पण ते पाडव्याला बदलायचं म्हणून बदलतात. त्यांचा काळ चालतो तो माश्यांच्या पिढ्यांवर. दोन-अडीच आठवड्यांत मंडळींची एक पिढी होते, आणि मामांच्या वहीत तिचा आकडा चढतो. "तुझं लग्न दोनशे सदतिसाव्या पिढीत झालं गो," असं ते मला चार माणसांत सांगतात, आणि ती चार माणसं माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागतात. बाजारात केळीवाला त्यांच्यासाठी काळी पडलेली केळी वेगळी काढून ठेवतो. एकदा बिचाऱ्याने सरांना रोज सडकं काय द्यायचं म्हणून वर चार सोनेरी वेलची केळी ठेवली, तर मामा रागावून परत गेले. "ताजी देऊन फसवतोस होय रे?" हे भर बाजारात त्या माणसाने ऐकून घेतलं. मे महिन्यात लाइट जायला लागल्यावर मामांनी इन्व्हर्टर बसवला, आणि त्यावर एकच पंखा जोडला, मंडळींच्या खोलीतला. स्वतः गंजिफ्रॉक काढून पुठ्ठ्याने वारा घेत ओटीवर बसायचे. शेवटी मी, नवरा आणि मामी अशी तिघंही जेवणं झाली की त्या खोलीत सतरंजी टाकून पडायचो, कारण आमच्या आळीत तेवढीच जागा थंड असायची. मामांची एकच अट असे, कुणी घोरायचं नाही.

आणि ती कुमारिकांची भानगड! संकर करायचा तर मादी आधी कुणाकडे न गेलेली हवी, म्हणून कोषातून बाहेर पडल्यापासून काही तासांत तिला नरांपासून वेगळं काढावं लागतं. हे काम मामा भल्या पहाटेपासून भिंगाखाली बारीक ब्रशने करायचे. असंच एकदा सकाळी विमा विकणारे एक गृहस्थ आले. मामींनी आत हाक मारली तर आतून मामा ओरडले, "पाच मिनिटं थांब म्हणावं, कुमारिका मोजतोय! दोन पळाल्या!" ते गृहस्थ पायऱ्या उतरून जे गेले ते पुन्हा आमच्या आळीत दिसले नाहीत. मामींचं हसून हसून पोट दुखलं. त्या मामांवर अशा रोज हसायच्या, त्यामुळेच बहुधा ते लग्न टिकलं. पाच वर्षांपूर्वी मामी गेल्या, आणि भिंतीपलीकडून येणारं ते हसणं बंद झालं. वास तेवढा राहिला.

ह्या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मी मामांना विचारायचं धाडस लग्नानंतर तीन वर्षांनी केलं. मामांनी खराट्यातून हीर उपसले आणि जेवणाच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. "हे बघ. आपल्या इथल्या काजूच्या बागांत, वरच्या कातळावर, सड्यावर, जी माशी मिळते, तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या काड्या आठ. आणि तिकडे आसामात तिचीच बहीण राहते. दिसायला अगदी हुबेहूब. पण तिच्या काड्या सहा. का? तर कधीकाळी त्यातल्या काड्या एकमेकींना चिकटल्या." असं म्हणून त्यांनी हीर दोऱ्याने बांधून दाखवले. मामींना रजेच्या प्रवासात आसाम दाखवायला म्हणून नेलं तेव्हा ह्या माणसाने हॉटेलच्या मागे सडकी केळी टांगून तिकडच्या माश्या धरल्या होत्या आणि आगगाडीतून मांडीवर बाटली धरून रत्नागिरीपर्यंत आणल्या होत्या. मामींच्या मांडीवर टोपली होती, तिच्यात मंडळींचं वाटेतलं जेवण. "मग मी ह्या दोघींची सोयरीक केली. इथली आणि तिकडची. पहिल्या पिढीला काड्या सात! आठही नाहीत, सहाही नाहीत. आणि तरी त्यांना मुलं होतात, हीच तर गंमत. मग पुढे पिढ्यान्‌पिढ्या नुसता गोंधळ. कुणाला सात, कुणाला सहा. कुठली काडी आईकडची राहील, कुठली बापाकडची, कुणी सांगावं? पण एक दिवस ते ठरतं सूनबाई. जे एकमेकांशी जुळतं ते राहतं, बाकीचं गळतं, आणि आई-बाप दोघांपेक्षा वेगळं असं तिसरंच घराणं उभं राहतं. जगात नवी जात कशी होते, ते मी माझ्या कपाटात बसून बघतोय." टेबलावर हीर पसरलेले, आमटी निवत चाललेली, आणि हा माणूस असा बोलत होता की मला त्याला थांबवून वाढू का विचारवेना.

तर हे तिसरं घराणं तीस वर्षं चाललेलं. बाकीच्या दोन्ही जाती पुन्हा आणता येतात, एक सड्यावर केळं टांगलं की मिळते, दुसरी ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागवता येते. हे संकराचं घराणं मात्र एकदा गेलं की गेलं. मामा म्हणायचे, "पुन्हा लग्न लावलं तर पुन्हा वेगळंच काहीतरी होईल. हेच होणार नाही." दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या संशोधक बाई त्यांना सहा वर्षं पत्रं लिहून थोड्या माश्या मागत होत्या. मामा प्रत्येक पत्राला सविस्तर, गोड शब्दांत नकार कळवायचे. दुसऱ्याच्या हाती मरतील, ही एकच भीती.

गेल्या श्रावणात मामांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बायपास सांगितली, तीही मुंबईला जाऊन, आणि येऊन-जाऊन महिना मोडणार. मामा सरळ नाही म्हणाले. माझ्या नवऱ्याने समजावलं, कॅनडातल्या मुलीने फोनवर रडून पाहिलं. मामांचं एकच, "मंडळींचं कोण बघेल?" शेवटी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी बघते. घरगुती पदार्थांचा धंदा करते मी, गणपतीत सहाशे मोदक वळते, तुमच्या चिलटांना दोन घास घालता येणार नाहीत मला?"  मामा उठून वही घेऊन आले.

तीन दिवस शिकवणी चालली. मंडळींचं जेवण म्हणजे रवा, गूळ, पाणी, घट्ट होण्यासाठी चायना ग्रास, आणि शेवटी एका तपकिरी कुपीतल्या औषधाचे मोजून थेंब. हे शिजवून गरम असतानाच बाटलीत ओतायचं, थंड झालं की माश्या त्यात सोडायच्या. जुनी बाटली मात्र आणखी दहा दिवस ठेवायची, कारण तिच्यात अळ्या आणि कोष असतात, पुढची पिढी त्यातून येते. दोन्ही मूळ जाती मामांनी जाण्याआधी स्वतःच अंगणात सोडून दिल्या. संकराच्या सहा बाटल्या माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या, प्रत्येकीवर हात ठेवला, आणि माझ्या नवऱ्याबरोबर गाडीत बसताना मला म्हणाले, "नीट लक्ष दे गो." स्वतःच्या ऑपरेशनबद्दल अवाक्षर नाही.

सोमवारी बाटल्या बदलायच्या होत्या. मी रवा भाजायला घेतला, आणि इथे माझ्या हाताने घात केला. अहो, शिऱ्यात तूप नाही असं माझ्या कढईने कधी पाहिलंच नव्हतं! भाजताना चमचाभर पडलंच. मग गूळ विरघळल्यावर वेलची. मग वाटलं, श्रावणी सोमवार आहे, थोडं ओलं खोबरं घालावं, बिचारे मुके जीव. सगळं झाल्यावर ती तपकिरी कुपी उघडली आणि नाकाला असा भपकारा आला की मी चार पावलं मागे सरकले. आंबलेल्या ताकात जुना मोजा भिजवावा तसला वास. इतक्या सुरेख शिऱ्यात हे कोण घालेल? मी झाकण लावून कुपी फळीवर ठेवून दिली. माश्या नव्या बाटल्यांत गेल्या, मला उगीच वाटलं की खुशीत दिसतायत. आणि मग समोर त्या सहा जुन्या बरबटलेल्या बाटल्या. दहा दिवस ठेवायच्या म्हणाले होते खरं, पण दहा दिवस खरकटं? माझ्या ओट्यावर? मनात म्हटलं, माश्या तर सगळ्या ह्यात आल्या, आता त्यात काय राहिलंय. कढत पाणी आणि राख घेऊन सहाच्या सहा बाटल्या लखलखीत घासून उन्हात पालथ्या घातल्या. कापसाचे बोळे तेवढे टाकवेनात. चांगला जाड कापूस, वर मलमलीचं फडकं शिवलेलं, मामींच्या हाताचं. ते मी एका चकलीच्या डब्यात घालून झाकण लावलं, सवडीने धुवू म्हणून.

बुधवारी शिऱ्यावर पांढरी लव दिसली. मला वाटलं, खोबरं असेल. गुरुवारी ती हिरवी झाली. त्याच दिवशी तिकडे मामांचं ऑपरेशन. शुक्रवारी सकाळी बघते तर सहाही बाटल्यांत बुरशीची गोधडी, आणि तिच्यात माश्या रुतून, तुपात पंख चिकटून मेलेल्या. हलवून पाहिलं, उन्हाकडे धरून पाहिलं. एक हलेल तर शपथ.  मी ओट्याखालीच फतकल मारून बसले. ती कुपी बुरशीसाठी होती हे आता डोक्यात उजेड पडून काय उपयोग! जुन्या बाटल्यांत पुढची पिढी होती, ती मी राख लावून घासली होती. तीस वर्षांचं घराणं मी चार दिवसांत वेलचीसकट संपवलं होतं.

दुपारी मुंबईहून फोन. नवरा म्हणाला, मामा शुद्धीवर आलेत, आणि पहिलं काय विचारलं असेल ते ओळख. मग मामांचा आवाज, अगदी खोल गेलेला, "मंडळी कशी आहेत?"

"मजेत," मी म्हटलं. छातीला ताजे टाके पडलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? फोन ठेवला आणि पदर तोंडात धरून रडले. आयुष्यात चिलटांसाठी रडेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

शनिवारी मी सगळं आवरायला काढलं. बाटल्या धुवायच्या, बोळे टाकून द्यायचे, मामा आले की पाय धरायचे, एवढंच ठरलं होतं. चकलीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्या नाकावर काहीतरी बसलं. मी सवयीने हात उचलला, आणि हात तिथेच थांबला. चिलट! मी झाकण दाणकन लावलं. धावत जाऊन खिडक्या लावल्या, दाराखाली टॉवेल कोंबला, आणि नाकावरून उडालेल्या त्या बाईसाहेबांना पेल्याखाली धरलं. मग मामांचं भिंग घेऊन डब्याची फट थोडी किलकिली केली. बोळ्यांना जिऱ्यासारखे तपकिरी दाणे चिकटलेले होते. कितीतरी फुटलेले, काही अजून बंद. तेव्हा मला मामांच्या शिकवणीतलं आठवलं, अळी मोठी झाली की ओल्यातून वर चढते आणि कोरड्या जागी कोष करते. माझ्या सफाईच्या आधीच ही शहाणी बाळं वर मामींच्या मलमलीवर जाऊन बसली होती. जिवात जीव आला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी अक्षरशः समजलं. मी एकटीच स्वयंपाकघरात "आहेत, आहेत गो बाई, आहेत!" असं ओरडत होते. शेजारणीला वाटलं, मामांचं काही बरंवाईट झालं. ती धावत आली, दाराखालचा टॉवेल बघून परत गेली.

दोन दिवसांत एकूण एकवीस माश्या निघाल्या. ह्यावेळी शिरा वहीत लिहिलाय तसाच केला. तूप नाही, वेलची नाही, नाकाला फडकं बांधून कुपीतले थेंब घातले. जुन्या बाटल्या दहा दिवस ओट्यावर खरकट्या ठेवल्या, त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटल्या. मामा घरी आले तोवर बाटल्यांत अळ्या वळवळत होत्या.

मामा खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता सांग, काय झालं होतं?"

"कुठे काय?"

"तू फोनवर 'मजेत' म्हणालीस. अठरा वर्षांत तू त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द बोलली नाहीस. तेव्हाच समजलो, काहीतरी मोठं झालंय."

मी सगळं सांगितलं. तूप, वेलची, खोबरं, राख, काही लपवलं नाही. मामांनी खोबऱ्यापाशी डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं, आता ह्यांना पुन्हा कळ येणार. मग बघते तर खांदे हलताहेत. टाक्यांवर उशी दाबून धरून हा माणूस हसत होता! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सूक्ष्मदर्शक काढला. हात थरथरत होता म्हणून अळी धरायला मला बसवलं. अळीचा तिळाहून लहान मेंदू सुईने काढायचा, रंगात बुडवायचा, काचेखाली अंगठ्याने दाबायचा. आठवडाभर आम्ही ते करत होतो. शेवटी मामा वर बघून म्हणाले, "माद्यांना सहा, नरांना सात. सगळ्यांना एकच नियम. एकही अपवाद नाही."

"म्हणजे बिघडलं का?"

"बिघडलं? अगो, ठरलं! सगळ्या मेल्या, एकवीस उरल्या, आता पुढचं घराणं त्या एकविसांच्या काड्यांचं. निसर्गातही असंच होतं, वादळ येतं, पूर येतो, मूठभर उरतात. मी जिवापाड जपत बसलो म्हणून तीस वर्षं ते ठरत नव्हतं. तुझ्या वेलचीने चार दिवसांत ठरवलं." आणि नंतर जरा वेळाने, स्वतःशीच म्हणावं तसं, "दुसऱ्याच्या हाती मरतात खऱ्या. पण जगतातही."

त्याच आठवड्यात त्यांनी विद्यापीठातल्या त्या बाईंना पत्र घातलं. थंडी पडल्यावर बाई स्वतः आल्या. आम्ही दोघं त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. मामांनी चार बाटल्या त्यांच्या हातात दिल्या, दोन माझ्याकडे राहिल्या. बाई खिडकीजवळ बसून बाटल्या मांडीवर धरून होत्या. गाडी हलली तरी मामा हात न करता नुसते उभे होते, आणि फलाट रिकामा झाल्यावर म्हणाले, "चल."

 रिक्षात मीच म्हटलं, "आता लेकीकडे जाऊन या मामा. चांगले दोन-तीन महिने राहा. माझ्याकडे आहेत ना दोन बाटल्या, मी बघते."

"हं," मामा म्हणाले. रस्त्याकडे बघत होते. "तुझी मामी दरवर्षी म्हणायची. कुठेतरी महिनाभर जाऊन राहू या. लांब कुठे नको, पण जाऊ या. मला पंधरा दिवसांच्या वर हलता यायचं नाही. मी म्हणायचो, ह्यांचं बघणारं कुणी मिळालं की जाऊ."

  मामी असताना तेरा वर्षं मी भिंतीपलीकडेच तर होते. मामांनी मला कधी विचारलं नाही, आणि मी नाक मुरडण्यात इतकी गुंतलेली की "द्या माझ्याकडे, जाऊन या तुम्ही" असं एकदाही म्हटलं नाही. रव्या-गुळाचा शिरा तर होता. मी मामांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

नाक्यावर रिक्षावाल्याने वळून विचारलं, "घराकडेच ना सर?"

"नको रे," मामा म्हणाले, "भाट्याला घे. समुद्रावर बसू जरा. आज घरी कुणी वाट बघत नाहीये."